थिएटरच्या जुन्या फळ्यांतून गिटार करायचीय? मग आधी खिळे शोधा

अमेरिकेत नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियम या थिएटरमधून ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचा मुक्काम 1974 ला हलला तेव्हा जुन्या स्टेजचा सहा फुटी गोल तुकडा कापून नव्या स्टेजमध्ये बसवला, गायक अजून त्याच्यावरच उभे राहतात. फेंडर या गिटार कंपनीने लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या थिएटरमधल्या जुन्या बाकांच्या फळ्यांतून एस्क्वायर नावाच्या गिटारी काढल्या, आणि न्यूयॉर्कचे रिक केली चेल्सी हॉटेलसारख्या जुन्या इमारतींतून निघालेल्या लाकडाच्या गिटारी करतात. असं लाकूड तुमच्या हाती लागलंच तर फेंडरच्याच टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा आकार घ्या, सपाट आहे, सोपा आहे, आणि 1949 चा त्याचा पहिला नमुना पाइनचाच होता.

सुरुवातीला लाकूड कापायचंच नाही. मध्ये पट्ट्या घालून खोलीत दोनतीन आठवडे रचून ठेवा, ओलावा मोजायचं मीटर असेल तर आठ ते दहा टक्क्यांपर्यंत येऊ द्या (आपल्याकडे जून-जुलैत हे काम काढू नका, वैताग येईल). मग लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर एकेका फळीवरून फिरवा, दोन्ही बाजूंनी. लाकडात मोडून राहिलेला एक खिळा पुरतो, माझ्या रंध्याचं पातं असंच गेलं, आणि तेही नवंकोरं. जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं 1978 ला बंद झालं, त्याआधीच्या रंगावर भरवसा नको. चांगला मास्क लावा, रंग ओला करून खरवडा.

आता खरी डोकेदुखी म्हणजे जाडी. बॉडी साधारण 45 मिमी हवी आणि फ्लोअरिंगची फळी असते जेमतेम पाऊण इंच, रंधा मारल्यावर 16 मिमी राहते, म्हणजे तीन थर चिकटवायचे आणि जास्तीचे तीन मिमी मागच्या बाजूने काढायचे. मागच्याच बाजूने! वरच्या थराचा जो चेहरा प्रेक्षकांकडे होता, ज्यावर बुटांचे ओरखडे आहेत, त्याला रंधा लावायचा नाही, फक्त त्याची पाठ साफ करायची. तिन्ही थरांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. गोंद जुन्या पृष्ठभागावर धरत नाही, ताजं रंधलेलं लाकूड त्याच दिवशी चिकटवा. वाड्यातलं सागवान वापरत असाल तर आधी ॲसिटोनने पुसा, सागाला तेल असतं. आणि जड होईल हेही धरून चाला, पाइनची बॉडी दोन किलोच्या आत बसते, साग-ओकची तीनच्या आसपास जाते.

टेम्प्लेट, म्हणजे बॉडीच्या आकाराचा साचा, लगेच चिकटवू नका, फळीवर सरकवत बसा, यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. खिळ्यांची भोकं दिसायला मस्त दिसतात, ओकमध्ये तर लोखंडामुळे भोवती काळं वर्तुळ येतं, ते ठेवाच, पण नेक (गिटारची लांब मान) जिथे बसते तिथे आणि ब्रिजच्या (बॉडीवरच्या तारांच्या पट्टीच्या) स्क्रूंच्या जागी एकही भोक नको, तिथे ताण येतो. नेकचा खड्डा 16 मिमी खोल. नेक नव्या मेपलचीच घ्या, जुन्या फळीची करायच्या भानगडीत पडू नका. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजच्या सॅडलपर्यंत (तारा टेकतात तो भाग) 648 मिमी, हे नेक बसवून मोजा आणि मगच ब्रिजची भोकं पाडा. पाइन मऊ असतं म्हणून आधी बारीक भोक, स्क्रूला थोडं मेण, आणि पट्ट्याच्या बटणाजवळ कठीण लाकडाची खुंटी ठोका.

पॉलिश लाखेचं, पातळ हात, तेवढंच पुरे, गाठींतली राळही त्याने आत राहते. आवाजाबद्दल लोक काय काय सांगतात, लाकडात गाणी मुरलीत वगैरे, मला नाही पटत, इलेक्ट्रिकमध्ये बराचसा आवाज पिकअपचाच, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकाचा. पण फळी कुठली ते महत्त्वाचं आहे, म्हणून विकत घेतानाच पाडकामाचे फोटो आणि पावती मागून घ्या. पन्नाशीच्या दशकात फेंडरचे कामगार नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर पेन्सिलने तारीख टाकायचे, तसं नेक कसायच्या आधी खड्ड्यात थिएटरचं नाव आणि फळी स्टेजची की बाकाची ते लिहून टाका.