घरी गाडी खोलताय? बोल्ट गोल करणाऱ्या या चुका टाळा

माझ्या जुन्या फोक्सवॅगनच्या एक्सलचं रबरी बूट फाटलं होतं. गाडी जॅकवर, खाली स्टँड, सगळं रीतसर. एक्सलच्या बोल्टाच्या डोक्यातल्या भोकात टी-४५ मापाचा टॉर्क्स बिट, म्हणजे ताऱ्यासारख्या टोकाचा बिट, घातला, तो छान बसला. म्हणजे मला तसं वाटलं. रॅचेटला, म्हणजे बिट फिरवायच्या दांड्याला, जोर दिला तर कर्रर्र आवाज, आणि बिटाला चिकटून चंदेरी चुरा बाहेर. तो चुरा म्हणजे बोल्टाचे दात.

ते डोकं टॉर्क्सचं नव्हतंच. टॉर्क्सला सहा गोलसर पाकळ्या असतात. इथे बारा टोकं होती आणि प्रत्येक टोक काटकोनी. तीन चौकोन फिरवून एकावर एक ठेवावेत तसं. याला ट्रिपल स्क्वेअर किंवा एक्सझेडएन म्हणतात. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीवाल्यांची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. ग्रीस आणि चिखलाने बुजलेल्या भोकात सहा की बारा ते कळत नाही, म्हणून न साफ करता बिट घालणं ही माझी पहिली चूक. आधी टोच्याने मळ उकरा, ब्रेक क्लीनर मारा, टॉर्च पाडा आणि टोकं मोजा. मान आत जात नसेल तर मोबाइल आत घालून फोटो काढा. मग बिट हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी तळाला टेकवा. अर्धवट बसलेला बिट वरचेच दात खातो.

‘जवळपास बसतो’ या शब्दांनी जितके बोल्ट गोल केले तितके गंजानेही केले नसतील. टॉर्क्समध्ये टी-२५ आणि टी-३० च्या मध्ये टी-२७ असतो, हे स्वस्त सेट घेताना लक्षात येत नाही. बिट भोकात जरा जरी खेळत असेल तर एक नंबर मोठा लावून बघा. हीच गोष्ट जुन्या महिंद्रा जीपवर: तिथे बोल्ट इंची. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर, म्हणजे १२.७ मिमीवर, १३ ची गोटी (सॉकेट) चढते, पण घट्ट बोल्टावर सरकते.

काही टॉर्क्सच्या मधोमध एक बारीक खिळी असते. ती स्क्रू ड्रायव्हरने मोडायचा मोह होतो, पण मोडलेला तुकडा सेन्सरात पडला तर? भोक पाडलेल्या टॉर्क्स बिटांचा सेट मिळतो, तो घ्या. बाहेरून ताऱ्यासारखं डोकं असेल तर ई-टॉर्क्सची गोटी लागते. बारा टोकांची साधी गोटी त्यावर चढवू नका.

होंडाच्या ब्रेक डिस्कवरचे दोन स्क्रू फिलिप्ससारखे, म्हणजे अधिक चिन्हाच्या खाचेचे, दिसतात, पण ते जपानी पद्धतीचे, जेआयएस. त्यावर नेहमीचा दोन नंबरचा ड्रायव्हर घसरतो. तीन नंबरचा जेआयएस बिट आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढं असलं की सुटतात.

ब्रेक पाइपच्या नटला मात्र दुतोंडी पाना लावूच नका. तो फक्त दोन बाजूंना धरतो, नट गोल होतो आणि सोबत पाइपही पिळतो. त्याला नट जवळपास सगळ्या बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना हवा. तो नसेल तर काम मेकॅनिककडे द्या, ब्रेकशी खेळ नको.

डोकं गोल झालंच, तर गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवा आणि किंचित मोठा बिट ठोकून बसवा. चष्मा घाला, कडक बिटाचा तुकडा उडतो. माझ्या सहापैकी पाच बोल्ट योग्य बिट आणल्यावर पाच मिनिटांत सुटले. सहाव्यावर बॅटरी काढून वेल्डरकडून नट जोडून घ्यावा लागला. नट थंड होण्याआधीच त्याने पाना लावला आणि बोल्ट निमूटपणे बाहेर आला.