आशियाई कंपन्यांच्या आकड्यांवर संशोधन करताय? या चुका टाळा

प्रबंध तपासायला आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. डेटाची फाइल मागवते, त्यातली कुठलीही एक कंपनी निवडते, तिचा वार्षिक अहवाल उघडते आणि आकडे जुळतात का ते पाहते. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढ्या वेळात जे सापडतं, त्यामुळेच हा लेख लिहायला बसले. लेखांकन, कंपनी वित्त आणि करआकारणी या विषयांत आशियाई देशांचा डेटा घेऊन पीएचडी करणारी मुलं हुशार आहेत. रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधला संबंध मोजण्याचं सांख्यिकी तंत्र, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं चालवता येतं. पण हा आकडा कोणत्या वर्षाचा, कोणत्या नियमाखाली छापलेला, कंपनीचा एकटीचा की सगळ्या समूहाचा, हे विचारायला कुणी थांबत नाही.

‘साल’ नावाचा कॉलम

सगळ्यात जास्त घात करणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते.

एका विद्यार्थ्याचा विषय होता कंपनी करातली २०१९ ची कपात. त्याचा चौथा अध्याय तब्बल बत्तीस पानांचा होता आणि त्याचा दावा असा, की भारतीय कंपन्यांना करकपातीची चाहूल आधीच लागली होती. त्याच्या आलेखात प्रभावी करदर (नफ्याच्या किती टक्के कर पडला तो आकडा) कपातीच्या एक वर्ष आधीच खाली आलेला दिसत होता. निष्कर्ष योगायोगाचा नाही असं सांगणारे सांख्यिकीतले स्टारही भरपूर आले होते. त्या स्टारवर विसंबून त्याने कंपन्यांनी उत्पन्न कसं पुढे ढकललं असेल, व्यवस्थापनाला धोरणाचा अंदाज कसा आला असेल, हे सगळं मन लावून लिहिलं होतं.

मला ते पटेना. २०१९ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात फक्त ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २५ टक्क्यांचा दर दिला होता, मोठ्यांना काहीच नव्हतं. मग २० सप्टेंबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कपात जाहीर केली, तीही अध्यादेशाने. त्या एका दिवसात सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वर गेला. बाजाराला आधी कुणकुण असती तर अशी उसळी आली असती का? आणि बाजाराला नव्हती, तर मार्च २०१९ मध्ये वर्ष बंद करणाऱ्या शेकडो कंपन्यांना कुठून असणार?

“मॅडम, डेटा तसंच सांगतोय,” तो म्हणाला.

मी त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्या यादीतल्या पहिल्याच कंपनीचा अहवाल उघडला. नफा-तोटा पत्रकावर ‘३१ मार्च २०२० रोजी संपलेले वर्ष’ असं शीर्षक असलेल्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि करपूर्व नफ्याचा आकडा वाचला. मग त्याला फाइलमध्ये तो शोधायला सांगितला. सापडला, पण २०१९ च्या ओळीत. तो बराच वेळ काही बोलला नाही.

झालं होतं ते असं. काही जागतिक डेटाबेसमध्ये जानेवारी ते मे या महिन्यांत संपणारं आर्थिक वर्ष आधीच्या कॅलेंडर वर्षाच्या नावावर टाकतात. म्हणजे मार्च २०२० ला संपलेलं वर्ष तिथे ‘२०१९’. आपल्याकडच्या सवयीने तेच वर्ष ‘२०२०’. याने कंपन्यांचे आकडे तिकडून घेतले, करदराचा तक्ता स्वतः आपल्या पद्धतीने केला आणि दोन्ही ‘साल’ या कॉलमवर जोडले. कपातीचा खरा परिणाम एक वर्ष मागे सरकला आणि त्याला चाहूल असं नाव मिळालं. बत्तीस पानं गेली. त्याहून वाईट म्हणजे त्याची दीड वर्षं गेली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हे पहिल्या महिन्यात पकडता आलं असतं.

आशियात तर हा गुंता जास्तच. जपानमध्ये बहुतेक कंपन्यांचं वर्ष आपल्यासारखंच मार्चला संपतं, पण ते वर्षाला सुरुवातीच्या सालाचं नाव देतात. त्यांचं २०१८ म्हणजे आपलं ‘एफवाय १९’, मार्च २०१९ ला संपणारं. चीनमध्ये कायद्यानेच वर्ष जानेवारी ते डिसेंबर. कोरियातही बहुतेकांचं डिसेंबरला संपतं. नेपाळचं आषाढअखेर संपतं आणि तेही विक्रम संवतात लिहिलेलं असतं. कराच्या बाजूला वेगळाच घोळ. आपलं असेसमेंट इयर (कर आकारणीचं वर्ष) २०२०-२१ म्हणजे २०१९-२० चं उत्पन्न. सिंगापूरचं आकारणी वर्ष २०२० म्हणजे २०१९ मध्ये संपलेल्या हिशेबी वर्षाचं उत्पन्न. शेजारच्या मलेशियात मात्र २००० पासून आकारणी चालू वर्षाच्याच उत्पन्नावर होते. सिंगापूर आणि मलेशियाचे करदर एकाच तक्त्यात सालावर जोडणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

माझा उपाय साधा आहे आणि तो मी सोडत नाही. माझ्या फाइलमध्ये ‘साल’ नावाचा कॉलमच नसतो. वर्ष ज्या दिवशी संपलं ती पूर्ण तारीख असते आणि सगळे तक्ते त्या तारखेवरच जोडायचे. शेजारी आणखी एक कॉलम, वर्ष किती महिन्यांचं होतं त्याचा. कंपनी कायदा २०१३ ने ३१ मार्चची वर्षअखेर बंधनकारक केली. त्याआधी डिसेंबर, जून, सप्टेंबर सगळं चालायचं. बदलताना कुणी नऊ महिन्यांचं वर्ष दाखवलं, कुणी पंधरा महिन्यांचं. पंधरा महिन्यांच्या नफ्याला एका वर्षाचा नफा मानून मालमत्तेवरचा परतावा काढलात, तर कंपनीने काहीही न करता परतावा सव्वापट झालेला दिसेल.

प्रभावी करदर: एक भागाकार, दहा खड्डे

करखर्च भागिले करपूर्व नफा. सूत्र एवढं सोपं म्हणून नवखी मुलं एक्सेलमध्ये कॉलम ओढून मोकळी होतात. मी या आकड्याला फार जपते, कारण कराच्या संशोधनाचा अर्धा डोलारा याच्यावर उभा असतो.

पुन्हा २०१९-२० च घ्या. जुना दर ३० टक्के, त्यावर १२ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, मिळून ३४.९४४. कपातीचा दर देणारं कलम ११५बीएए निवडलं तर २२ टक्के, १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, मिळून २५.१६८. आता समजा एका कंपनीच्या ताळेबंदात जुन्या दराने मोजलेली १०० कोटींची स्थगित कर मालमत्ता, म्हणजे पुढच्या वर्षांत वाचणारा कर, आहे. दर उतरला की तीच मालमत्ता साधारण ७२ कोटींची होते. उरलेले २८ कोटी त्याच वर्षी करखर्चात येतात. करपूर्व नफा १०० कोटींचा असेल तर चालू कर २५ आणि हे २८, म्हणजे प्रभावी दर ५३ टक्के. दर कमी झाला त्याच वर्षी कंपनी दुप्पट कर भरताना दिसते! त्याच कंपनीकडे मालमत्तेऐवजी तेवढंच स्थगित कर दायित्व (पुढे भरावा लागणारा कर) असतं, तर २८ कोटी वजा होऊन दर शून्याखाली गेला असता. दोन्ही आकडे बरोबर आहेत, दोन्ही ऑडिट झालेले आहेत आणि त्या वर्षीच्या करभाराबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत.

यावर मुलं काय करतात? ‘आउटलायर’ म्हणून विन्सराइज करतात, म्हणजे टोकाचे आकडे ठरावीक मर्यादेवर आणून ठेवतात. ज्या वर्षाचा अभ्यास करायचाय, त्याच वर्षाचे आकडे कात्रीखाली. त्याऐवजी कराची टीप उघडा. चालू कर, मागील वर्षांचा कर, स्थगित कर आणि दरबदलामुळे झालेला फरक तिथे वेगवेगळा दिलेला असतो. हाताने उतरवायला वेळ लागतो, लागू दे.

शिवाय ११५बीएए हा पर्याय होता, सक्ती नव्हती. तेव्हा तो निवडला की साठलेलं मॅट क्रेडिट (किमान पर्यायी करापोटी आधी जास्त भरलेला, पुढच्या करातून वळता करता येणारा कर) सोडावं लागे, बऱ्याच सवलती सोडाव्या लागत आणि एकदा गेलं की परतीची वाट नव्हती. म्हणून मॅट क्रेडिट भरपूर असलेल्या कितीतरी कंपन्या जुन्याच दरात थांबल्या. सगळ्या कंपन्यांना एकाच तारखेपासून ‘कपात लागू’ अशी डमी (हो-नाही सांगणारा १ किंवा ० चा कॉलम) लावणं म्हणजे ज्यांनी कपात घेतलीच नाही, त्यांच्यावरही तिचा परिणाम मोजणं.

तोट्यातल्या कंपन्यांकडेही नीट पाहा. करपूर्व तोटा १०० आणि कराची जमा २५ असेल तर उणे भागिले उणे, उत्तर अधिक २५ टक्के. तक्त्यात ही कंपनी नेमाने कर भरणारी दिसते. ऋण उत्तरं गाळणारा फिल्टर तिला पकडत नाही. गाळायचं तर नफ्याच्या चिन्हावरून गाळा.

वैधानिक दराची तुलना करतानाही अर्धाच दर घेतला जातो. जपानचा राष्ट्रीय कंपनी कर २३.२ टक्के, पण स्थानिक कर धरले की तो ३० च्या आसपास जातो. कोरियात कंपनी कराच्या एक दशांश इतका स्थानिक कर वेगळा. हाँगकाँगच्या १६.५ आणि सिंगापूरच्या १७ शेजारी जपानचे २३.२ लिहून ‘आशियातली करस्पर्धा’ मांडू नका.

एकट्या कंपनीचे की समूहाचे आकडे

भारतात समूहाचं मिळून एक विवरणपत्र भरता येत नाही. प्रत्येक कंपनी आपला कर स्वतंत्र भरते. म्हणून भारतीय कराच्या प्रश्नासाठी मी स्वतंत्र पत्रकं घेते. परदेशात दहा उपकंपन्या असलेल्या समूहाचा एकत्रित करखर्च म्हणजे दहा देशांच्या करांची बेरीज. त्यात आपली कपात शोधायची कशी? कर्ज, रोख किंवा समूहातल्या पैशांच्या फिरवाफिरवीचा प्रश्न असेल तर मात्र दोन्ही पत्रकं शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही. कोरियात २०११ मध्ये आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय लेखांकन नियम) आल्यावर एकत्रित पत्रकं मुख्य झाली, त्याआधी स्वतंत्र पत्रकं मुख्य होती. २००५ ते २०१५ ची सलग मालिका डोळे झाकून घेतलीत, तर मध्ये कंपनीच बदलली असं समजा.

मालिकेतले सांधे

भारतातही तसेच सांधे आहेत. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना इंड एएस (आयएफआरएसच्या धर्तीवरचे भारतीय लेखांकन नियम) लागू झालं, पुढच्या वर्षी बाकी बहुतेक सूचिबद्ध कंपन्यांना. बँका त्यात नाहीत. इंड एएसमध्ये विक्रीचा आकडा अबकारी शुल्कासह दाखवायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्री करवजा दिसू लागली. त्यामुळे २०१७-१८ मध्ये कारखानदार कंपन्यांची वाढ मंदावलेली दिसते. त्याला नोटाबंदी जबाबदार धरण्याआधी शुल्क वेगळं काढून पाहिलं का, एवढंच मी विचारते. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्टे ताळेबंदावर आले. त्या वर्षी किरकोळ विक्री आणि विमान कंपन्यांचं कर्ज फुगलेलं दिसेल, पण एक रुपयाही नवा उचललेला नसू शकतो.

उसनं मॉडेल, परका नियम

कंपनीने नफा कृत्रिमपणे फिरवला का हे ताडणारं, अमेरिकी डेटावर घडलेलं जोन्स मॉडेल चीनला लावायचं आणि ‘कमाईची हाताळणी आढळली’ असं लिहायचं, हा सोपा रस्ता झाला आहे. मला तो अजिबात मान्य नाही. हाताळणी का होते, हे तिथल्या नियमात दडलेलं असतं. चीनमध्ये १९९६ पासून राइट्स इश्यू (आहे त्या भागधारकांना नवे शेअर्स विकणं) काढायचा तर सलग तीन वर्षं इक्विटीवर किमान १० टक्के परतावा दाखवावा लागे. त्या काळातल्या परताव्यांचा साधा स्तंभालेख काढा. दहाच्या जरा अलीकडे खड्डा, जरा पलीकडे गर्दी. १९९९ मध्ये अट तीन वर्षांची सरासरी १० आणि दरवर्षी किमान ६ अशी झाली, तशी गर्दी सहाच्या पलीकडे सरकली. नियम ठाऊक असेल तर हे चित्र कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त बोलतं. ठाऊक नसेल तर मॉडेलला स्टार येतील आणि कारण हातातून निसटेल.

चीनचंच आणखी एक. २००५ च्या सुधारणेपूर्वी जवळपास दोन तृतीयांश शेअर्सची बाजारात खरेदी-विक्रीच होत नव्हती. बाजारभाव गुणिले एकूण शेअर्स करून काढलेला तेव्हाचा टोबिन क्यू (कंपनीचं बाजारमूल्य भागिले तिच्या मालमत्तेची किंमत) कुणाच्याच खिशातली किंमत सांगत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एकक तपासा. आपले अहवाल लाख, दशलक्ष किंवा कोटींत असतात, जपानी बहुधा दशलक्ष येनमध्ये, आणि चिनी ‘यी’ म्हणजे दहा कोटी, एक कोटी नव्हे. एकाच कंपनीचं एकक मधल्या वर्षात बदलतं.

गुणोत्तरं डॉलरमध्ये बदलू नका, त्यांना एककच नसतं.

१९९७ च्या कोरियन ताळेबंदात परकी चलनातलं कर्ज वाढलेलं दिसलं तर आधी वॉनची घसरण वजा करा.

आजच्या निर्देशांकातल्या कंपन्या घेऊन २००५ पर्यंत मागे जाऊ नका. सत्यम ही आयटी कंपनी जानेवारी २००९ पर्यंत सेन्सेक्समध्ये होती. ७ जानेवारीच्या पत्रात अध्यक्षांनीच ५,०४० कोटींची रोख खोटी असल्याचं कबूल केलं. रोख शिलकीवरच्या अभ्यासात आजची यादी घेतलीत, तर ही कंपनी तुमच्या फाइलमध्ये येणारच नाही.

आणि पहिलं रिग्रेशन चालवण्याआधी प्रत्येक देशाच्या पाच कंपन्या घ्या, प्रत्येकीचे दहा आकडे मूळ अहवालातून हाताने वहीत उतरवा आणि फाइलशी ताडून पाहा. दोन दिवस जातात. ‘तेवढा वेळ नाही’ म्हणणाऱ्याची फाइल मी हल्ली परत पाठवते. त्या बत्तीस पानांच्या विद्यार्थ्याने सगळं पुन्हा जोडलं तेव्हा चाहूल नाहीशी झाली आणि त्याखाली वेगळंच काही निघालं: मॅट क्रेडिट साठलेल्या कंपन्या जुन्या दरात किती काळ थांबल्या. त्याचा चौथा अध्याय आता त्यावर आहे, एकोणीस पानांचा.