डॉलर कुठे लावायचा? सोसायटीच्या बिलाच्या शीटवरून सेल लॉक करण्याची रीत

मुंबईतल्या कितीतरी छोट्या सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं अजूनही खजिनदाराच्या एक्सेल शीटमधूनच निघतात. पहिल्या फ्लॅटचं बिल बरोबर येतं, फॉर्म्युला खाली ओढला की पुढच्यांचं बिनसतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: जो सेल जागचा हलायला नको होता, तोही फॉर्म्युल्याबरोबर खाली सरकला. त्याला जागेवर रोखतं ते डॉलरचं चिन्ह ($).

२४ फ्लॅटची शीट अशी मांडा. बी१ मध्ये बांधकाम खर्च, नमुन्यादाखल १,२०० रुपये प्रति चौरस फूट. बी२ मध्ये सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीचा) वार्षिक दर ०.२५% आणि बी३ मध्ये दुरुस्ती निधीचा ०.७५%, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) हे दोन्ही बांधकाम खर्चावरचे किमान दर आहेत. बी४ मध्ये दर फ्लॅटचे महिन्याचे सर्व्हिस चार्जेस, १,५०० रुपये. ओळ ५ रिकामी ठेवा. ओळ ६ मध्ये मथळे, ओळ ७ ते ३० मध्ये फ्लॅट: ए कॉलमात नंबर, बी मध्ये क्षेत्रफळ. इथे फॉर्म्युले देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा, नाहीतर एक्सेलला ते कळणार नाहीत.

फ्लॅट १०१, क्षेत्रफळ ५५० चौरस फूट. सी७ मध्ये महिन्याचा सिंकिंग फंड:

=बी७*बी१*बी२/१२

उत्तर १३७.५०, अगदी बरोबर. आता हाच फॉर्म्युला खाली ओढा. डॉलर नसलेला सेलचा पत्ता (बी१ सारखा) एक्सेल ‘इथून किती ओळी वर, किती कॉलम डावीकडे’ असा धरतो. त्यामुळे आठव्या ओळीत फॉर्म्युला बी८*बी२*बी३ होतो आणि ०.०० दिसतो. दहाव्यात बी५ रिकामा, म्हणून शून्य. अकराव्यात बी६ मधला मथळा गुणाकारात येतो आणि #व्हॅल्यू! उमटतं. या चुका निदान डोळ्यांना दिसतात. खरा घोटाळा नवव्या ओळीत आहे. तिथे बी९*बी३*बी४ होतं, म्हणजे दुरुस्तीचा दर गुणिले सर्व्हिस चार्जेस, आणि ५५० चौरस फुटांच्या फ्लॅटला ५१५.६३ रुपये लागतात. आकडा अर्थहीन आहे, पण बिलावर छापला तर कुणाला संशयही येणार नाही.

बरोबर फॉर्म्युला असा:

=बी७*$बी$१*$बी$२/१२

डॉलर ज्याच्या आधी बसतो, तेवढंच लॉक होतं: अक्षराआधी बसला की कॉलम, आकड्याआधी बसला की ओळ. क्षेत्रफळ दर फ्लॅटचं वेगळं, म्हणून बी७ मोकळा. खर्च आणि दर सगळ्यांना सारखेच, म्हणून ते पक्के.

डॉलर हाताने टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर त्यातल्या बी१ वर असू द्या आणि एफ४ दाबा. पहिल्यांदा $बी$१, मग बी$१, मग $बी१, चौथ्यांदा पुन्हा बी१. बऱ्याच लॅपटॉपवर एफ४ ला आवाजाचं किंवा स्क्रीनच्या उजेडाचं काम दिलेलं असतं. तिथे एफएन धरून दाबा. मॅकवरच्या एक्सेलमध्ये कमांड आणि टी. गूगल शीट्समध्येही एफ४ चालतं, फोनवर मात्र डॉलर हातानेच घालावा लागतो.

अर्धा लॉक

दुरुस्ती निधीसाठी डी कॉलम हवा. वरचा फॉर्म्युला उजवीकडे ओढला तर मोकळा बी७ सरकून सी७ होतो, म्हणजे क्षेत्रफळाच्या जागी सिंकिंग फंडाची रक्कम येते. दर हाताने $बी$३ केलात तरी उत्तर १०३.१३ येईल, यायला हवं ४१२.५०. पुन्हा एक पटण्याजोगा चुकीचा आकडा.

यावर उपाय म्हणजे दर आपापल्या कॉलमाच्या डोक्यावर न्यायचे. सी५ मध्ये ०.२५%, डी५ मध्ये ०.७५% लिहा, बी२ आणि बी३ मधले काढून टाका, आणि सी७ मध्ये हे लिहा:

=$बी७*$बी$१*सी$५/१२

क्षेत्रफळाला कॉलम पक्का, ओळ मोकळी. दराला ओळ पक्की, कॉलम मोकळा. हा एकच फॉर्म्युला सी७ पासून डी३० पर्यंत सगळीकडे चालतो. गोंधळ झाला तर एवढंच विचारा: खाली ओढताना हे बदलायला हवं का, उजवीकडे ओढताना बदलायला हवं का? ‘नाही’ आलं तिथे डॉलर.

चढती बेरीज हवी असेल तर रेंजचं (सेलच्या पट्ट्याचं) एकच टोक लॉक करतात. ई कॉलमात जमा रकमा असतील तर एफ७ मध्ये =सम($ई$७:ई७) लिहा आणि खाली ओढा. सुरुवात जागेवर राहते, शेवट सरकत जातो.

बँकेच्या स्टेटमेंटशी पडताळणी करताना लॉक विसरण्याची किंमत जास्त पडते. व्हीलुकअपमध्ये (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्यात) ‘बँक’ नावाच्या शीटची रेंज बँक!ए२:सी९० अशी मोकळी लिहिलीत तर तिसाव्या ओळीपर्यंत ती रेंज ए२५ पासून सुरू झालेली असते. स्टेटमेंटच्या वरच्या ओळींतले भरणे त्या फ्लॅटना सापडतच नाहीत, #एन/ए येतं, आणि पैसे भरलेला सभासद थकबाकीदारांच्या यादीत जातो. पुढे एजीएममध्ये (वार्षिक सभेत) काय होतं ते सांगायला नको. इथे $ए$२:$सी$९० हवंच.

डॉलर काय करत नाही

डॉलर फक्त कॉपी करताना किंवा ओढताना कामाला येतो. बी१ च्या वर नवी ओळ घातली की $बी$१ आपोआप $बी$२ होतो, आणि तेच बरोबर आहे, कारण खर्चाचा आकडाही खाली गेलेला असतो. दराची ओळच डिलीट केली तर #रेफ! येतं, लगेच कंट्रोल-झेड. फॉर्म्युला कट करून दुसरीकडे पेस्ट केला तर मोकळे पत्तेसुद्धा बदलत नाहीत, म्हणून ‘कॉपी केल्यावर वेगळं का आलं’ असं वाटतं.

एखादा दर बऱ्याच शीटमध्ये लागत असेल तर त्याला नावच द्या. बी१ निवडा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नावाच्या चौकटीत इंग्रजीत, स्पेस न सोडता नाव लिहा, एंटर दाबा. असं दिलेलं नाव ओढल्याने सरकत नाही. आपल्यानंतर येणाऱ्या खजिनदारालाही $बी$१ पेक्षा नाव वाचायला सोपं.

बिलं छापण्याआधी दोन तपासण्या. डी३० वर जाऊन एफ२ दाबा; फॉर्म्युला ज्या सेलमधून आकडे घेतो त्यांना रंगीत चौकटी पडतात. त्या बी३०, बी१ आणि डी५ वर आहेत का पाहा. वरून पहिल्या दोन ओळी तपासून उपयोग नाही, शेवटचीच बघायची. मग एका रिकाम्या सेलमध्ये:

=सम(बी७:बी३०)*बी१*सी५/१२

हे उत्तर सी कॉलमच्या बेरजेशी जुळलंच पाहिजे, आणि डी ची बेरीज त्याच्या बरोबर तिप्पट. हा फॉर्म्युला कुठे ओढायचा नाही, म्हणून यात एकही डॉलर नाही.