वेबसाइटचा ॲडव्हान्स देण्याआधी

वसमतच्या हळदीची पावडर असो, लातुरातली छोटी डाळमिल असो की पैठणला घरच्या मागावर विणलेली पैठणी, धंदा नवा असला की पाहुण्यारावळ्यांतलं कोणीतरी म्हणतंच, "वेबसाइट करून टाक." करा की. पण डिझायनरच्या हातावर ॲडव्हान्स टेकवण्याआधी घरची तयारी उरका. वेबसाइटच्या धंद्यात राहून सांगतो, काम रखडतं ते बहुतेक वेळा मालकाकडून मजकूर आणि फोटो येईनात म्हणून.

आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. ते स्वतःच घ्या, स्वतःच्या ई-मेलवर आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येईल असं. "कशाला त्रास घेता, आमच्या खात्यातून घेऊ की" असं कोणी म्हणालं तर हसून नको म्हणा. डोमेन कायमचं मिळत नाही, मुदतीवर असतं. ज्याच्या खात्यात आहे त्याने उद्या पुण्याला नोकरी धरली, फोन उचलणं सोडलं आणि नूतनीकरण चुकलं, तर पिशव्यांवर छापलेला पत्ता गेला म्हणून समजा. पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावाला भुलू नका, पुढच्या वर्षाचा दर विचारा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, हौस असेल तर जोडीला घ्या. पण मुख्य नाव इंग्रजी अक्षरांतलं, लहानसं ठेवा. मावशीला फोनवर सांगून बघा. स्पेलिंग दोनदा सांगावं लागलं तर नाव बदला.

मजकुराचं एक दुखणं आपल्याकडे हमखास निघतं. पिशवीचं लेबल डीटीपीवाल्याने कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात केलेलं असतं. तोच मजकूर साइटवर टाकला की 'शुद्ध हळद' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. त्या फाइलमधल्या चार ओळी कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. मराठी दिसलं तर युनिकोड, म्हणजे कुठेही मराठीच दिसणारं टाइपिंग आहे, नाहीतर पुन्हा टाइप करा. मोबाइलवर बोलूनही होतं. लिहायचं काय, तर माल कुठला, कोण दळतं, पाकिटं किती वजनाची, भाव काय, किती दिवसांत पोहोचेल. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' कोणी वाचत नाही. पत्त्यात पिनकोड द्या, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिवचे असाल तर एकदा जुनं नावही लिहा. नावं २०२३ मध्ये बदलली तरी बाहेरची माणसं अजून जुन्या नावाने शोधतात.

फोटो सकाळच्या उजेडात, ओसरीवर पांढरं कापड अंथरून काढा. फ्लॅश बंद. ट्यूबलाइटखाली हळद हिरवट दिसते आणि गिऱ्हाइकाला भेसळीची शंका येते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. गुगलवरून उचललेले फोटो नकोतच, त्यांवर दुसऱ्याचा हक्क असतो. लोगोची मूळ फाइल लेबलवाल्याकडून आजच मागून ठेवा.

कागदपत्रांची एक पिशवी वेगळी करा. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा चौदा आकडी नंबर, पॅन, बँकेचं चालू खातं. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. जीएसटीचं मात्र सीएला नीट विचारा. नांदेडच्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ, पण ते दुसरं राज्य. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कमी असली तरी साधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे.

ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे साइटवरून तुमच्या खात्यात पोहोचवणारे, परतावा, गोपनीयता, अटी आणि संपर्क अशी पानं बघितल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याच्या आत निवारण. घरचा धंदा असेल तर ते नाव तुमचंच. माझं विचाराल तर सुरुवातीला व्हॉट्सॲपचं बटण आणि यूपीआय पुरे. ऑर्डरी वाढल्या की गेटवे जोडा. 'भारतभर घरपोच' लिहिण्याआधी कुरिअरवाला तुमच्या गावात माल उचलायला येतो का, की तालुक्याला नेऊन द्यावा लागतो, हे विचारून घ्या.

आता डिझायनर. पानं किती, दुरुस्त्या किती वेळा, होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा वर्षाचा खर्च कोणाचा, भाव बदलायचा असेल तर तुम्हाला स्वतःला बदलता येईल का, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता होस्टिंग आणि साइट या दोन्हींचे पासवर्ड हातात आल्यावर, आणि तेही स्वतःच्या मोबाइलवरून आत शिरून एका पाकिटाचा भाव बदलून बघितल्यावर.