घरच्या एल बिअरमध्ये वेलदोडा, कोकम, गूळ घालताना

आधीच सांगतो, मी इंग्लंडात राहतो, इथे 1963 पासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला लायसन लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात बिनपरवाना बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी नुसतं वाचा 😄

नवीन लोक काय करतात तर पहिल्याच बॅचला उकळतानाच वेलची, दालचिनी, संत्र्याची साल सगळं एकदम ढकलतात आणि मग चव बिघडली तर कशाने बिघडली काही कळत नाही. माझं म्हणणं, आधी साधी एल (खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) करा आणि फ्लेवरचे खेळ नंतर, तेही अर्ध्याच बॅचवर.

बेस असा: 9 लिटरला 1.1 किलो लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची पावडर), उकळी आली की 20 ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकून तासभर उकळायचं, शेवटच्या 5 मिनिटांत अजून 10 ग्रॅम. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून पटकन गार करायचं, विरजण लावताना दूध जास्त गरम नाही ना बघतो तसंच इथे, 20 डिग्रीच्या आसपास आलं की मगच यीस्ट. यूएस-05 या कोरड्या एल यीस्टचं अर्धं पाकीट पुरतं. उकळून झाल्यावर ज्या ज्या वस्तूचा बिअरला स्पर्श होणार ती नो-रिन्स सॅनिटायझरमधून (नंतर धुवावं न लागणाऱ्या जंतुनाशकातून) काढायची, इथे आळस चालत नाही. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) सुरुवातीला 1.045 च्या आसपास दिसेल, दोनेक आठवड्यांनी 1.010 ला येईल, म्हणजे साधारण साडेचार टक्के अल्कोहोल.

आता मजा. यीस्ट जोरात असताना जो गॅस बाहेर पडतो तो सुगंधही घेऊन जातो, म्हणून मसाला फर्मेंटेशन संपल्यावरच. अख्खे वेलदोडे थेट टाकू नका, किती उतरतील भरवसा नाही. चार-पाच वेलदोडे जाडसर कुटून अर्धी वाटी व्होडकात तीन-चार दिवस भिजवा, गाळा. मग ग्लासात 100 मिली बिअर घेऊन औषधाच्या सिरिंजने 0.1 मिली टाका, ढवळा, चाखा, अजून 0.1, असं करत जायचं. समजा 0.3 ला बरोबर वाटलं तर 4 लिटरला 12 मिली झालं, पण मी 10 वरच थांबतो कारण कमी असेल तर वाढवता येतं, वेलची जास्त झाली की बिअरची बासुंदी होते आणि मग काही इलाज नाही. धणे आणि संत्र्याची साल ही जोडी तर बेल्जियमवाले विटबिअरमध्ये (गव्हाच्या धुरकट बिअरमध्ये) घालतातच, तीही अशीच करता येते.

कोकम घ्यायचं तर बिनमिठाचं, आगळ नको कारण त्यात मीठ असतं. थोड्या उकळत्या पाण्यात भिजवून गार करून ते पाणी घालायचं, हेही आधी ग्लासात चाखूनच. आंबट आणि कडू एकत्र आलं की काढ्यासारखं लागतं, म्हणून कोकमाच्या बॅचला हॉप्स निम्मे करतो मी.

गुळाचं वेगळं. तो उकळतानाच शेवटच्या 10 मिनिटांत, 100 ग्रॅमच्या वर नको. गोडी यीस्ट खाऊन टाकतं, मागे काकवीसारखी चव राहते आणि बिअर पातळ होते. गोड एल मिळेल या आशेवर असाल तर विसरा. खोबरं टाळलेलंच बरं, त्यातल्या तेलाने फेस बसतो.

हापूसचा पल्प टाकला तर साखर पुन्हा आंबते, त्यामुळे हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस हलत नाही तोवर बाटल्या भरायच्या नाहीत, नाहीतर बाटल्या फुटतात आणि काचा उडतात, हे गंमतीत घेऊ नका. भरताना लिटरला 6 ग्रॅम साखर, फक्त बाटलीत फसफस येण्यापुरती, बाटली तपकिरीच कारण उजेडाने हॉप्सला घाण वास येतो, दोन आठवडे खोलीतल्या तापमानाला ठेवा मग फ्रिज. आणि साध्या अर्ध्या बॅचची एक बाटली शेजारी उघडून दोन्ही आलटून पालटून प्या, फ्लेवरने नेमकं काय केलं ते तेव्हाच कळतं.