फुफ्फुसाच्या कॅन्सरचं रेडिएशन चालू असताना आहारातल्या या चुका टाळा

फुफ्फुसाचा कॅन्सर बरा करण्याच्या हेतूने रेडिएशन देतात तेव्हा ते साधारण सहा आठवडे चालतं. आठवड्यातले पाच दिवस, एकूण ६० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) आसपास. गाठ किंवा लसिका ग्रंथी छातीच्या मध्यभागी असतील, तर अन्ननलिका किरणांच्या वाटेत येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिला आतून सूज येते. घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, पाणी गिळतानाही जळजळतं. सोबत केमोथेरपी असेल तर त्रास वाढतो. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल आणि मोजक्या दिवसांचं नेमकं रेडिएशन असेल, तर बहुतेकदा हा प्रश्न येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: अन्ननलिकेला किती मात्रा बसणार आहे?

कपडे सैल होईपर्यंत वजन न करणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ८० किलोचा माणूस ७४ वर आला तरी धडधाकट दिसतो, पण तेवढ्यात त्याचे स्नायू बरेच झिजलेले असतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून जास्त, तर तो धोक्याचा इशारा आहे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, तशाच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. पायाला सूज असेल किंवा छातीत पाणी साठलं असेल, तर काटा फसवतो. तेव्हा दंड आणि मांड्या बारीक होताहेत का ते बघा.

वजन घसरलं की केमोचा डोस पुढे ढकलावा लागतो, कधी रेडिएशनमध्ये खंड पडतो, आणि त्या खंडात गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. शरीराचा आकार बदलल्याने नव्याने स्कॅन करून किरणांचं नियोजन बदलावंही लागू शकतं.

‘हलकं’ म्हणून पेज आणि डाळीचं पाणी

प्रेमापोटी होणारी चूक आहे ही, पण रुग्ण त्यावर उपाशीच राहतो. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नगण्य असतात. ती खाली बसलेल्या डाळीत असतात. ढोबळ गरज अशी: दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या रुग्णाला १२५० ते १५०० कॅलरी, ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. गिळायला सोपं हवं असेल तर २०० मिली दुधात चमचाभर नाचणी सत्त्व शिजवा, कोमट झाल्यावर २० ग्रॅम दूध पावडर, एक छोटा चमचा तूप आणि दोन छोटे चमचे साखर घाला. एका कपात सुमारे ३०० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसातून दोनदा दिलं तरी मोठा आधार होतो. भात-वरण घोटून द्या, भाकरी दुधात कुस्करून. ठेचा, लोणचं, टोमॅटोचं सार, सोलकढी आणि कढत चहा दुखणं वाढवतात. दारू, तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद.

भूक लागण्याची वाट पाहू नका. या आजारात भूक आतूनच मरते, त्यामुळे ‘खात का नाहीस’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. दर दोन तासांनी घड्याळ बघून अर्धी वाटी द्या. बहुतेकांना सकाळी जास्त जातं. मोठं खाणं तेव्हाच ठेवा. जेवताना घटाघटा पाणी पिऊ देऊ नका, त्यानेच पोट भरतं. फुफ्फुसाच्या रेडिएशनला साधारणपणे रिकाम्या पोटी जायची गरज नसते. उपवास तर या काळात नकोच.

दुखणं सोसत राहणं

वेदनाशामक औषध जेवणाआधी सुमारे अर्धा तास, सांगितलेल्या मात्रेत घेतलं तर घास जातो. जेवण झाल्यावर घेतलं तर ती वेळ वाया जाते. मॉर्फिनसारख्या औषधांनी बद्धकोष्ठ होतं आणि त्याने भूक आणखी मरते, म्हणून रेचक सोबतच मागून घ्या. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. औषधाने तो बरा होतो. आवाज बसला असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. अशा वेळी जबरदस्तीने पाजू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या.

साखर बंद, काढे सुरू

साखर सोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, रुग्णाच्या कॅलरी मात्र जातात. मधुमेह असेल तर जेवण न तोडता औषध बदलून साखर सांभाळायची, आणि तेही डॉक्टरांनीच. मोठ्या मात्रेतल्या अँटीऑक्सिडंट गोळ्या आणि काढे न विचारता देऊ नका, कारण ते उपचाराच्या आड येऊ शकतात.

नळीला शेवटपर्यंत नकार

तोंडाने पुरेसं जात नसेल तर अन्न देण्यासाठी नाकातून पोटात घातलेली नळी बहुतेकदा काही आठवड्यांपुरती असते. चार-पाच दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर घरी एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं. आहार हळूहळू, रक्ततपासण्या आणि ‘ब१’ जीवनसत्त्वासह, रुग्णालयाच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो.

रेडिएशन संपलं म्हणून आहारात ढिलाई करू नका. गिळण्याचा त्रास अनेकदा शेवटच्या दिवसानंतर आठवडा-दोन आठवडे शिगेला पोहोचतो आणि उतरायला आणखी काही आठवडे लागतात. तोवर वजनाची वही चालूच ठेवा. पाणीही गिळता येत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत पोहोचला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.