काल चालत होता, आज गेम क्रॅश होतोय? या चुका टाळा

पीसीवरचा गेम क्रॅश झाला रे झाला की पहिला हात अनइन्स्टॉलकडे जातो. मग शंभर-सव्वाशे जीबी पुन्हा उतरवायचे, आणि सकाळी त्याच जागी पुन्हा क्रॅश! फाइल खराब झाल्याचा संशय असेल तर स्टीममध्ये (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, व्हेरिफाय. बिघडलेल्या तेवढ्याच फाइल्स परत येतात.

त्याच्याही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधली बिघाडांची नोंदवही, उघडा. विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, क्रॅशच्या वेळेची लाल नोंद, आयडी १०००. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोर, म्हणजे जिथे गडबड झाली तिथे, ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल आहे, ओव्हरलेची (गेमवर तरंगणारी चॅट किंवा एफपीएसची पट्टी) की गेमची, ते बघा. अख्खा पीसीच रीस्टार्ट झाला असेल तर 'सिस्टीम'मध्ये आयडी ४१ सापडेल. तो फक्त 'नीट बंद न होता मशीन गेलं' एवढंच सांगतो, पण मग गेम सोडून पॉवर सप्लाय आणि तापमानाकडे वळा. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

स्क्रीनवरचा संदेश शब्दशः खरा मानणं ही त्याहून महागडी चूक. अनरिअल इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनलेले गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणत बंद पडू लागले. २४ जीबीच्या कार्डावरही तेच. लोकांनी ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डच बदललं. दोष निघाला इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, मुख्यतः आय९ आणि आय७मध्ये. जादा व्होल्टेजमुळे चिप आतून झिजत होती. शेडर बनवताना सगळे कोअर एकदम राबतात, तिथे हिशोब चुकायचा आणि आळ यायचा ग्राफिक्स कार्डावर. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर इंटेलच्या एक्सटीयू या प्रोसेसरचा वेग बदलायच्या ॲपमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) ५५ असेल तर ५३ करा. क्रॅश थांबले तर चोर सापडला. ऑगस्ट २०२४ पासून आलेला सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून मिळतो, पण तो पुढची झीज रोखण्यासाठी आहे. झालेली भरून निघत नाही. असा प्रोसेसर वॉरंटीत बदलूनच घ्या. गुणक कमी करून वर्षभर ढकलत बसू नका.

डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची जोडफाइल) सापडत नाही म्हणून कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल उतरवून सिस्टीम फोल्डरात टाकणाऱ्यांना तर हात जोडले. अशा बऱ्याच डीएलएल ज्यात येतात ते मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल फुकट आहे, ६४ आणि ३२ बिट दोन्ही टाका.

'स्पीड वाढतो' ऐकून पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची जागा) बंद केलीय? चालू करा. १६ जीबी रॅमवर मोठा गेम आणि मागे ब्राउझर असला की गेम काही न सांगता डेस्कटॉपवर फेकतो.

गेमचा नवा पॅच आला असेल तर मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले, गेममध्ये टाकलेले बदल) आधी काढा.

रॅमला एक्सएमपी (जास्त वेगाची तयार सेटिंग) लावलं असेल तर बायोसमध्ये तात्पुरतं बंद करून खेळून बघा. क्रॅश गेले तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा आणि रात्री मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमचे चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) होऊ द्या. एक पास झाला की 'रॅम ठीक आहे' म्हणून उठणारे बरेच असतात. एकही एरर दिसली तरी ती रॅम त्या वेगाला चालवायची नाही.